बाजूचा आवाज गाळणारी नळी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर, बातमीदाराच्या मोबाईलवर, गडकिल्ल्यांचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये आता एक वीतभरही नसलेला माईक हमखास दिसतो. काळी नळी, तिच्या अंगाला बारीक फटी आणि बहुतेक वेळा वरून करड्या केसांची टोपी. हा छोटा शॉटगन माईक. तो विकत घेणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की, हा माईक लांबचा आवाज ओढून जवळ आणतो. लेन्सने झूम करावं तसा तोही आवाज झूम करतो, असं दुकानातही सांगितलं जातं. या एका समजुतीपायी कित्येक चांगल्या मुलाखती, भाषणं आणि गाणी ऐकवत नाहीत अशा अवस्थेत मेमरी कार्डांवर पडून आहेत.

शॉटगन माईक काहीही ओढत नाही. आवाज हवेतून त्याच्यापर्यंत चालत यावा लागतो आणि जेवढा पोचेल तेवढाच त्याला मिळतो. समोरून आलेला आवाज तो पूर्ण घेतो, बाजूंनी आलेला शक्य तेवढा कापतो. एवढंच त्याचं काम. ते काम तो कसं करतो हे एकदा नीट कळलं की तो कुठे धरायचा, कुठे अजिबात वापरायचा नाही आणि त्यावर किती पैसे घालायचे, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

माईकची नळी उघडून पाहिली तर मागच्या टोकाला एक छोटी डबी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्यात अतिशय पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्यापुढची सगळी नळी पोकळ असते आणि तिच्या लांबीभर फटी पाडलेल्या असतात. आता समोरून माणूस बोलतोय असं धरा. आवाजाची लाट नळीच्या पुढच्या तोंडातून आत शिरते आणि बाहेरून सरकता सरकता वाटेतल्या प्रत्येक फटीतूनही शिरते. आतली लाट आणि बाहेरची लाट एकाच वेगाने मागे सरकत असल्यामुळे सगळे भाग पडद्यावर एकाच क्षणी पोचतात आणि एकमेकांना बळ देतात. बाजूने आलेल्या लाटेचं मात्र वेगळं होतं. ती सगळ्या फटींवर एकदमच आदळते. पुढच्या फटीतून शिरलेल्या भागाला पडद्यापर्यंत दहा सेंटिमीटर जायचं असतं, मागच्या फटीतून शिरलेल्याला जेमतेम एक. पडद्यावर ते मागेपुढे पोचतात. एका भागाचा दाब वाढत असतो तेव्हाच दुसऱ्याचा घटत असतो. झोपाळ्याला दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी सारखाच रेटा दिला तर तो जागचा हलत नाही. पडद्याचंही तेच होतं. बाजूचा आवाज आपला आपल्याशीच भांडून फिटतो.

इथे लांबीचा हिशेब येतो आणि छोट्या शॉटगनची सगळी मर्यादा याच हिशेबात दडलेली आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ४००० हर्ट्झचा आवाज घेतला, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ उच्चारताना जी सळसळ होते त्या पट्ट्यातला, तर त्याची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर भरते. तिच्या निम्म्या, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर अंतरावरच्या दोन फटींतून आत आलेले भाग एकमेकांना पुरते मारतात. दहा सेंटिमीटरच्या नळीत हे सहज जमतं. पण २०० हर्ट्झचा, खालच्या पट्टीतला आवाज घेतला तर त्याची तरंगलांबी १.७ मीटर निघते. दहा सेंटिमीटरच्या फरकाने त्या लाटेचं काहीच बिघडत नाही. ती बाजूने येऊनही जवळजवळ एकत्रच पडद्यावर पोचते. नळीची लांबी तरंगलांबीच्या मानाने तोकडी पडली की नळी असून नसल्यासारखी.

मग खालचे आवाज कोण अडवतं? ते काम कॅप्सूलचं. तिच्या पाठीलाही हवेला वाट ठेवलेली असते, त्यामुळे बाजूने आणि मागून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही तोंडांवर पोचतो आणि बराचसा तिथल्या तिथे फिटतो. या रचनेला सुपरकार्डिऑइड म्हणतात. बोटभर शॉटगनमध्ये खरी मेहनत ही कॅप्सूल करते. नळी फक्त वरच्या पट्टीत तिला हातभार लावते. बाजारात शॉटगन म्हणून खपणाऱ्या काही माईकमध्ये तर तेवढंही नसतं. रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीचा व्हिडिओमायक्रो हा खूप खपलेला माईक अवघ्या ८० मिलिमीटरचा, ४२ ग्रॅमचा आहे. त्याच्या पत्रकावर दिशा-आकृतीच्या रकान्यात ‘कार्डिऑइड’ असं सरळ छापलेलं असतं. म्हणजे तो पुढचं ऐकतो, मागचं फारसं ऐकत नाही आणि बाजूचं बऱ्यापैकी ऐकतो. आपल्या किमतीला तो उत्तम माईक आहे, पण गर्दीत पाच फुटांवरून एकच माणूस वेचून काढण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणं अन्यायाचं आहे.

एकच आवाज वेचून काढण्याची ही गरज बोलपटाइतकीच जुनी आहे. १९३१ साली अर्देशीर इराणींनी मुंबईत ‘आलम आरा’ चित्रित केला तेव्हा संवाद चित्रणाबरोबरच टिपावे लागत होते. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात होते. दिवसा गाड्यांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून बरंचसं काम रात्री एक ते चारच्या दरम्यान, गाड्या थांबल्यावर उरकलं जाई आणि माईक नटांच्या आसपास कुठेतरी दडवून ठेवले जात. त्याच दशकात अमेरिकेत आरसीए कंपनीचे हॅरी ऑल्सन आणि बेल प्रयोगशाळेतले मेसन व मार्शल दिशा धरणाऱ्या माईकच्या मागे लागले होते. मेसन आणि मार्शल यांचा १९३९ सालचा माईक म्हणजे लहानमोठ्या लांबीच्या नळ्यांची मोळीच होती. तत्त्व आजचंच, फक्त फटींच्या जागी वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या. पुढे अनेक नळ्यांऐवजी फटी पाडलेली एकच नळी आली आणि माईक हातात धरण्याजोगा झाला. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या ६४२ या माईकसाठी १९६३ मध्ये कंपनीला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याचा थोरला भाऊ ६४३ तर सुमारे सात फूट लांब होता. अवजड असला तरी त्यामागचं गणित बरोबर होतं: खालच्या पट्टीलाही दिशा हवी असेल तर लांबी वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने या माईकला आज ओळखीचं असलेलं रूप दिलं. नळीवाल्या दिशादर्शी माईकच्या शोधासाठी फ्रिट्झ सेनहायझर यांना अकादमीचा १९८७ चा वैज्ञानिक व अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. त्यांचा एमकेएच ४१६ हा २५ सेंटिमीटरचा माईक १९७० च्या दशकापासून आजतागायत चालू आहे. चित्रपटाच्या सेटवर बांबूसारख्या लांब काठीच्या, म्हणजे बूमच्या टोकाला जो माईक लोंबताना दिसतो तो बहुधा हा किंवा याचाच एखादा भाऊबंद असतो. त्याच्या टिकाऊपणाचं कारण कोकणात काम करणाऱ्याला लगेच पटेल. साध्या कंडेन्सर माईकमध्ये पडद्यावरचा विजेचा भार दमट हवेत गळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तडतड सुरू होते. ४१६ मध्ये पडदा रेडिओ लहरींच्या मंडलात बसवलेला आहे. तिथे या गळतीला फारसा वाव राहत नाही, त्यामुळे पावसाळी हवेत, समुद्राकाठी, जंगलात तो निमूट काम करत राहतो.

आपल्याकडे मात्र मधली कित्येक दशकं या माईकची गरजच उरली नव्हती. हलके पण खडखडणारे कॅमेरे आले, चित्रीकरण बाहेर होऊ लागलं आणि संवाद मागाहून डबिंगमध्ये भरायची रीत पडली. २००१ च्या ‘लगान’ने कच्छमध्ये, भुजजवळच्या गावात, एवढ्या मोठ्या जमावासह जागच्या जागी आवाज टिपून दाखवला, त्याच्या ध्वनीसाठी एच. श्रीधर आणि नकुल कामटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिंक साउंडचा, म्हणजे चित्रणाबरोबरच आवाज टिपण्याचा, आग्रह हिंदीत आणि मराठीतही पुन्हा रुजायला अशा चित्रपटांनी मदत केली, असं मला वाटतं.

छोट्या शॉटगनचा जन्म मात्र सिनेमाच्या सेटवर झालेला नाही. २००८ साली निकॉनचा डी९० आणि पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू आला. फोटो काढायच्या कॅमेऱ्यात उत्तम व्हिडिओ निघू लागला, पण आवाजाची बाजू अगदीच लंगडी होती. आतला माईक लेन्सच्या मोटरची कुरकुर टिपायचा. त्यात आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवायचा. माणूस बोलायचा थांबला की कॅमेरा आवाज वाढवत नेई आणि पंख्याची घरघर हळूहळू फुगत वर येई. माणूस बोलू लागला की पुन्हा खाली दबे. कॅननने पातळी हाताने ठरवायची सोय २०१० मध्ये सॉफ्टवेअर बदलून दिली. फ्लॅश बसवायच्या खाचेवर राहील असा हलका, स्वतंत्र माईक लोकांना हवाच होता. मग मोबाईल आले आणि तो आणखी आखूड झाला.

आता अंतराबद्दल. या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

उघड्यावर आवाज करणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबलने चढतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण तो चहूकडून येत असतो. दुसरीकडे, सगळीकडचं सारखं ऐकणाऱ्या माईकऐवजी सुपरकार्डिऑइड घेतला तर गोंगाटाच्या तुलनेत फायदा होतो साधारण पावणेसहा डेसिबलचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. महागड्या दिशादर्शी माईकने जे मिळतं, तेच बोलणाऱ्याकडे निम्मं अंतर चालत गेल्याने मिळतं. कॅमेऱ्यावर बसवलेला माईक दोन मीटरवर असेल आणि तोच काढून, लांब वायर जोडून, काठीला बांधून बोलणाऱ्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणला तर १२ डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक कुठलंही सॉफ्टवेअर मागाहून स्वच्छपणे भरून देत नाही. म्हणून छोटा शॉटगन घेणाऱ्याने दुसरी खरेदी करायची ती काठीची आणि चार-पाच मीटर वायरची. घर रंगवायच्या रोलरची लांबवता येणारी काठीही चालते.

काठी वरून धरावी, माईकचं तोंड खाली, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा छातीकडे. वरून धरल्याने माईकच्या समोर माणसामागे जमीन येते, रस्ता येत नाही. जमिनीवर गवत किंवा सतरंजी असली तर उत्तमच. माईक आडवा धरला की माणसाच्या पाठीमागचा रिक्षास्टँडही नेमात येतो, आणि तो कापण्याचं कुठलंही कारण माईककडे नसतं. दोन माणसं बोलत असतील तर माईक हलवत राहावं लागतं. कारण माणूस नेमातून बाजूला सरकला की आधी वरची पट्टी जाते: ‘स’, ‘श’, ‘च’ बुजतात, खालचा आवाज मात्र तसाच राहतो आणि माणूस तोंडाला रुमाल लावून बोलल्यासारखा बोदा ऐकू येतो. पाठीमागचंही विसरू नये. सुपरकार्डिऑइडला थेट मागून थोडं ऐकू येतंच. तो सगळ्यात बहिरा असतो तो मागच्या कोपऱ्यांत, नेमापासून सुमारे १२५ अंशांवर. कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस धापा टाकत असेल तर ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. उलट, जवळच जनरेटर असेल तर माईक थोडा तिरका करून तो त्या बहिऱ्या कोपऱ्यात ढकलता येतो. जाणकार रेकॉर्डिस्ट आधी गोंगाट कुठून येतोय ते शोधतो आणि मग माईक कुठे धरायचा ते ठरवतो.

खोलीत हा माईक तोकडा पडतो. आपल्या घरांत फरशी, उघड्या भिंती, काचा आणि लोखंडी कपाटं. आवाज सगळ्यांवर आपटून पुन्हा नळीच्या फटींवर येतो. मूळ आवाजाचीच ही रूपं थोडी उशिरा, बाजूंनी येतात. नळी त्यांतले काही सूर कापते, काही सोडते. निघतं ते डब्यात बोलल्यासारखं. चित्रपटाचे रेकॉर्डिस्ट म्हणूनच आत गेले की शॉटगन बाजूला ठेवतात आणि नळी नसलेला, आखूड, दिशा धरणारा माईक बूमला लावतात. घरी मुलाखत घ्यायची असेल तर साधा कॉलर माईक बहुतेक वेळा उजवा ठरतो. शॉटगनच वापरायचा असेल तर तो आणखी जवळ आणा आणि भिंतींवर गोधड्या टाका. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिजची घूं १०० हर्ट्झच्या आसपासची असते, तिची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. बोटभर नळीला तिचा पत्ताही लागत नाही.

वाऱ्याची गोष्ट निराळी. दिशा धरणारे माईक वाऱ्याला जास्तच हळवे असतात. वारा फटींपाशी भोवरे करतो, पडदा थडथडतो, आणि जे ऐकू येतं ते प्रत्यक्ष कानाला तिथे ऐकूच आलेलं नसतं. माईकसोबत मिळणारा स्पंज खोलीत किंवा तोंडाच्या फुंकरीपुरता ठीक. सह्याद्रीच्या कड्यावर, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर केसाळ टोपीला पर्याय नाही. ते केस वाऱ्याचा वेग हळूहळू मोडतात आणि माईकभोवती शांत हवेचा थर राखतात. सोबत माईकवरचं लो-कटचं बटण दाबावं. ते ७५-८० हर्ट्झच्या खालचं कापत असेल तर बेधडक वापरावं. १५० वर कापणारं मात्र जपून, कारण पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभरच्या आसपास असतो आणि तो गेला की आवाज हलका, पोकळ होतो.

मोबाईलला माईक जोडताना एक चकवा हमखास होतो. कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाईलच्या पिनेवर तीन. दोन रेघांची वायर मोबाईलला लावली तर माईक लागल्यासारखा दिसतो, पण फोन आपल्याच पोटातल्या माईकवर रेकॉर्ड करत बसतो. सुरुवातीलाच शॉटगनच्या जाळीवर नख हलकंसं घासून पाहावं. खरखर हेडफोनमध्ये मोठ्याने आली तर हाच माईक चालू आहे. हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करणं म्हणजे डोळे मिटून फोटो काढणं. पातळी ठेवताना सगळ्यात मोठा आवाज मीटरवरच्या शून्याच्या १२ डेसिबल खाली राहील असं पाहावं. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेलं शिवता येत नाही.

इतकी पथ्यं असूनही हा माईक मला मोलाचा वाटतो तो गावोगावी होणाऱ्या नोंदींसाठी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज तसं काही करायला निघालेल्या कुणाकडेही खिशात मावणारी साधनं आहेत. जात्याशी बसलेल्या बाईचं गाणं टिपायचं तर माईक वरून खाली रोखू नये, कारण मग तोंडामागे जातंच नेमात येतं. तो तिच्या तोंडाच्या उंचीवर, आडवा, किंचित पुढून धरावा. जातं खाली बाजूला राहतं, त्याची खरखर नळी गाळते, आणि खालची घरघर थोडी उरते. ती उरलेलीच बरी. ओवीची लय त्या घरघरीवरच चाललेली असते, ती पुरती पुसणं म्हणजे अर्धं गाणं पुसणं. गाणं संपलं की नुसत्या जात्याचा मिनिटभर आवाज वेगळा घ्यावा.

पाखरांच्या बाबतीतही हाच हिशेब लागतो. कुंपणावरच्या शिंप्याची टोकदार ट्विट-ट्विट छोट्या शॉटगनच्या नेमात छान सापडते, कारण ती वरच्या पट्टीत आहे. भारद्वाजाचा खर्जातला हूप-हूप मात्र माईक कुठेही वळवला तरी जवळपास तसाच येतो, आणि त्याच्याबरोबर लांबच्या ट्रॅक्टरची गुरगुरही येते. तिथे पहाटे, ट्रॅक्टर निघायच्या आधी जाणं हाच उपाय.

तुमच्या घरात किंवा गावात जुनं गाणं, जुनी बोली, विस्मरणात चाललेली कामाची पद्धत सांगणारं कुणी असेल तर मोठ्या माईकची वाट पाहू नका. त्यांची परवानगी घ्या, छोटा शॉटगन दीड-दोन फुटांवर आणा, हेडफोन लावा, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की सगळ्यात आधी तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव मोठ्याने बोलून घ्या.